वीस बाटल्या आणि एक प्रश्न : प्रा. विल्यम बील यांचे बीजसंशोधन व वनस्पतिशिक्षण

गर्भसंभवाचे विवेचन करताना सुश्रुताचार्यांनी अंकुराचा दृष्टान्त दिला आहे. ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार घटकांचा यथाविधी संयोग झाला म्हणजे ज्याप्रमाणे अंकुर उत्पन्न होतो त्याप्रमाणे गर्भ उत्पन्न होतो, असे शारीरस्थानात त्यांनी सांगितले आहे. वंध्यत्वाच्या रुग्णाची तपासणी करताना आपण हे चार घटक डोळ्यांसमोर ठेवतो. मात्र ज्या अंकुरावरून हा दृष्टान्त घेतला, त्या अंकुराचा अभ्यास आपल्याकडून सहसा होत नाही. बीज किती काळ जिवंत राहते? क्षेत्र आणि अंबु मिळूनही ते कधी कधी का उगवत नाही? औषध म्हणून उत्तम असलेले बीज पेरणीसाठीही उत्तम असतेच काय? औषधी वनस्पतींच्या लागवडीचा विचार करणाऱ्या फार्मसीचालकांना आणि द्रव्यगुण शिकवणाऱ्या वैद्यांना हे प्रश्न टाळता येणार नाहीत.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील एका प्राध्यापकाने १८७९ साली एक प्रयोग मांडला. तो आजही चालू आहे आणि ठरल्याप्रमाणे २१०० साली पूर्ण होईल. त्या प्रयोगाची व त्या प्राध्यापकाच्या अध्यापनपद्धतीची ओळख करून देणे आणि त्यातून आपल्या व्यवसायास उपयुक्त काय ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रा. बील यांचा परिचय

विल्यम जेम्स बील यांचा जन्म १८३३ साली मिशिगन राज्यात झाला. मिशिगन विद्यापीठातील पदवीनंतर त्यांनी हार्वर्ड येथे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे आणि प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्याकडे अध्ययन केले. १८७० साली ते मिशिगन कृषी महाविद्यालयात आले आणि १९१० साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. हेच महाविद्यालय आज मिशिगन राज्य विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८७३ साली त्यांनी तेथे उभारलेले वनस्पती उद्यान आजही त्यांच्याच नावाने चालू आहे. १९२४ साली, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बील यांच्या कार्यात शेतकरी सतत समोर होता. चार्ल्स डार्विन यांच्या परपरागणाच्या अभ्यासाने प्रेरित होऊन त्यांनी १८७०च्या दशकात मक्याच्या दोन वाणांचा संकर केला. दोन वाण शेजारी लावून त्यांपैकी एकाचे तुरे खुडून टाकावयाचे, म्हणजे त्या वाणास दुसऱ्याचेच पराग मिळतात, ही त्यांची पद्धत होती. अशा संकरित बियाण्याचे उत्पन्न अधिक येते, हे त्यांनी दाखवून दिले. बाजारात विकल्या जाणाऱ्या बियाण्यांत उगवणारे किती आणि भेसळीचे किती, याची तपासणीही त्यांनी त्याच दशकात हाती घेतली. कच्च्या मालाच्या गुणवत्तेसाठी झगडणाऱ्या आपल्या फार्मसीचालकांना हा भाग विशेष जवळचा वाटेल.

प्रयोगाची मांडणी

तण कितीही खुरपले तरी ते पुन्हा उगवते. मग त्याचे बी मातीत किती वर्षे जिवंत राहते, हा शेतकऱ्यांच्या नित्याच्या अनुभवातून आलेला प्रश्न होता. अनुमानाने उत्तर देण्याऐवजी बील यांनी ते मातीकडूनच मिळवण्याचे ठरवले.

१८७९ सालच्या शरद ऋतूत त्यांनी सुमारे अर्धा लिटर मापाच्या २० बाटल्या घेतल्या. परिसरात सामान्यतः आढळणाऱ्या २१ जातींच्या वनस्पतींची प्रत्येकी ५० बीजे किंचित ओलसर वाळूत मिसळून प्रत्येक बाटलीत भरली. बाटल्यांना बूच लावले नाही. आत पाणी साचू नये म्हणून तोंड खालच्या बाजूस कलते ठेवून त्या एका वालुकामय उंचवट्यावर सुमारे २० इंच खोल पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढावयाची, त्यातील बीजे पेरावयाची आणि किती उगवली ते नोंदवावयाचे, अशी योजना होती. म्हणजे प्रयोग शंभर वर्षे चालणार होता. त्या वेळी बील यांचे वय ४६ होते. शेवटची बाटली आपल्या हाताने निघणार नाही, हे मांडणी करतानाच त्यांना ठाऊक होते.

निवृत्तीपर्यंत सहा बाटल्या निघाल्या. त्यानंतर ही जबाबदारी एच. टी. डार्लिंग्टन यांच्याकडे आली. पुढे रॉबर्ट बॅन्डर्स्की, यान झीवार्ट, फ्रँक टेलेव्स्की अशी अध्यापकांची परंपराच निर्माण झाली. १९२०पासून दोन बाटल्यांमधील अंतर दहा वर्षांचे आणि १९८०पासून वीस वर्षांचे करण्यात आले. पुरलेली जागा मोजक्या व्यक्तींनाच ठाऊक असते. सोळावी बाटली २०२० साली निघावयाची होती. परंतु कोविडच्या साथीमुळे ती एप्रिल २०२१मध्ये, पहाटेच्या अंधारात काढण्यात आली. आता चार बाटल्या शिल्लक आहेत.

सुमारे १४१ वर्षांत काय आढळले?

बील यांच्या यादीतील काही नावे आपल्याला परकी नाहीत. त्यात आपल्या भाजीतील घोळ आहे. काळ्या मोहरीची एक जात आहे. राजगिऱ्याच्या प्रजातीतील एक तण आहे. हळीव, इसबगोल आणि चुका यांचे सगोत्र आहेत. ज्या इव्हिनिंग प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून विकल्या जातात, तीही आहे. त्यामुळे हे निष्कर्ष आपल्याला आपल्याच निघंटूतील वनस्पतींबद्दल बोलल्यासारखे वाटतात.

गव्हातील तण म्हणून प्रसिद्ध असलेले अॅग्रोस्टेमा आणि ब्रोमस नावाचे गवत पहिल्याच बाटलीत, म्हणजे पाच वर्षांनंतर, उगवले नाही. याउलट घोळ, राजगिऱ्याचे सगोत्र, हळिवाचे सगोत्र आणि इसबगोलाचे सगोत्र यांची काही बीजे चाळीस वर्षांनंतरही उगवली. मोहरी पन्नास वर्षांनंतर उगवली. चुक्याचे सगोत्र आणि प्रिमरोज यांनी १९६० साली, म्हणजे ऐंशी वर्षांनंतरही अंकुर दिले. २००० साली १२० वर्षांनंतर काढलेल्या बाटलीत व्हर्बास्कम ब्लाटारिया या वनस्पतीच्या ५० बीजांपैकी २३ उगवली, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्याच वेळी भेंडी आणि बला यांच्या कुळातील माल्व्हा या वनस्पतीचे एक बीज उगवले. पण ते शीत उपचार दिल्यानंतरच. २०२१ साली पुन्हा व्हर्बास्कमचीच सुमारे वीस रोपे मिळाली आणि जनुकीय तपासणीत त्यांत एक संकर रोपही आढळले.

एकाच दिवशी, एकाच वाळूत, एकाच खोलीवर पुरलेल्या बीजांपैकी एक जात पाच वर्षेही टिकत नाही आणि दुसरी जात १४१ वर्षे टिकते. म्हणजे बीजाचे आयुष्य केवळ साठवणीवर अवलंबून नसून ते त्या त्या जातीच्या प्रकृतीवर अवलंबून असते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर क्षेत्र सारखे असूनही बीजप्रकृतीनुसार फल भिन्न होते.

चार घटकांच्या दृष्टीने विचार

हा प्रयोग सुश्रुतोक्त चार घटकांच्या दृष्टीने पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. बाटलीत बीज होते, वाळूचे क्षेत्र होते, ओलाव्याच्या रूपाने अंबु होते. तरीही व्हर्बास्कम तेथे शतकभर उगवले नाही. कारण या बीजाला उगवण्यासाठी प्रकाशाचा स्पर्श लागतो. अंधारात असेपर्यंत ते सुप्त राहते आणि नांगराने वर आले की जागे होते. बाटली पहाटेच्या अंधारात काढण्याचे कारण हेच. माल्व्हाला थंडी अनुभवल्याशिवाय उगवावयाचे नव्हते. प्रकाश आणि शैत्य हे दोन्ही बीजाला ‘आता काळ अनुकूल आहे’ अशी सूचना देतात. म्हणजे येथे उणीव होती ती ऋतूची.

न उगवलेले बीज मृतच असते असे नाही. मृत आणि सुप्त यांतील भेद ओळखणे हे बीजपरीक्षेचे पहिले सूत्र होय. गुंजा, टाकळा, बाहवा, बावची यांच्या बीजांचे कवच इतके कठीण असते की त्यातून पाणी आत शिरत नाही. येथे अंबु बाहेर भरपूर असूनही बीजापर्यंत पोहोचत नाही. कवच घासले किंवा उष्ण जलाचा उपचार केला की तेच बीज उगवते. कठीण कवचाचे सामर्थ्य किती असू शकते, याचे उदाहरण कमळबीजाचे आहे. ईशान्य चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या तळातून मिळालेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळबीज उगवल्याची नोंद १९९५ साली प्रसिद्ध झाली.

बीजाची दोन वये

येथे फार्मसीचालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. शार्ङ्गधरसंहितेत सर्व कर्मांसाठी नवीन द्रव्ये वापरावीत असा नियम सांगून विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, घृत आणि मध यांचा अपवाद केला आहे. ही द्रव्ये जुनी घ्यावीत. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असेही तेथे सांगितले आहे. हा सर्व विचार द्रव्याच्या वीर्याचा, म्हणजे औषधी सामर्थ्याचा आहे. बील यांनी मोजले ते बीजाचे जीवन, म्हणजे अंकुरणाचे सामर्थ्य. ही दोन वये वेगवेगळी आहेत आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

विडंगाचे उदाहरण घ्या. आपण ज्याला वावडिंग म्हणतो ते वस्तुतः फळ असून त्यात एकच बी असते. औषधासाठी ते जुने श्रेष्ठ. मात्र पेरणीसाठी ते ताजेच हवे आणि ताजे असूनही त्याची उगवण अल्प असते. जंगलातील वेली कमी होत चालल्या, बाजारात त्याच्या नावाखाली सगोत्र व भिन्न वनस्पतींची फळे येऊ लागली, म्हणून लागवडीचा विचार करावा लागतो. अशा वेळी कोणी दुकानातील उत्तम जुने वावडिंग पेरावयास नेले तर उगवण जवळजवळ होणारच नाही. दोष द्रव्याचा नसून दोन वयांची गल्लत झाल्याचा असतो. खाजकुयलीचे दुधात स्वेदन करून शोधित केलेले बी औषधास योग्य, परंतु शेतास निरुपयोगी. अश्वगंधेचे बी पेरणीसाठी मागील हंगामाचेच घ्यावे.

२००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाल्यापासून औषधी लागवडीकडे अनेक शेतकरी वळले. फार्मसीने शेतकऱ्याबरोबर करार केला आणि बी उगवले नाही, तर शेतकऱ्याचा पूर्ण हंगाम जातो आणि आपल्यावरील विश्वासही जातो. म्हणून बीजपरीक्षा हा केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय राहत नाही.

साठवणीच्या दृष्टीने बीजांचे वर्ग

१९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स यांनी बीजांचे दोन मुख्य वर्ग सांगितले. पहिला वर्ग सुकवणे सोसणाऱ्या बीजांचा. तुळस, अश्वगंधा, टाकळा, गुंजा, मोहरी इत्यादी बीजे या वर्गात येतात. ती जितकी कोरडी व थंड ठेवावीत तितकी अधिक टिकतात. यासाठी हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम उपयोगी आहे. बीजातील ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा साठवणीचे तापमान सुमारे पाच अंश सेल्सियसने कमी केले, की आयुष्य साधारण दुप्पट होते. अर्थात हा नियम मर्यादित कक्षेतच लागू पडतो.

दुसरा वर्ग सुकवणे न सोसणाऱ्या बीजांचा. जांभूळ, आंबा, फणस आणि साल ही त्याची परिचित उदाहरणे. ही बीजे वाळवली की मरतात. सालाचे बी तर आठवड्याभरातच पेरावे लागते. जांभळाच्या बियांचे चूर्ण करण्यासाठी त्या वाळवणे आवश्यकच असते. परंतु त्याच वाळवलेल्या बियांपासून रोपे मिळण्याची आशा धरू नये. निंबाचे बी या दोन वर्गांच्या मधले असून सामान्य साठवणीत काही आठवड्यांतच त्याची उगवण झपाट्याने घटते.

चिकित्सालयात करता येणारी उगवणचाचणी

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ज्या बियाण्याची परीक्षा करावयाची त्यातून निवड न करता १०० बीजे मोजून घ्यावीत. त्यांचे २५-२५ चे चार भाग करावेत. स्वच्छ ओल्या कापडावर किंवा टिपकागदावर ती एकमेकांना न चिकटता मांडून झाकण असलेल्या ताटलीत ठेवावीत. कापड ओलसर असावे, पाणी साचू देऊ नये. रोज एकाच वेळी पाहून अंकुरित बीजे मोजावीत व बाजूस काढावीत. जातीनुसार दोन ते तीन आठवडे वाट पाहावी. तुळशीसारखी बारीक बीजे पेरतानाही वरच्यावरच पेरावीत, खोल गाडू नयेत.

शेवटी उरलेल्या बीजांची परीक्षा विसरू नये. बोटाने दाबता जी मऊ व बुरशीयुक्त आढळतात ती मृत समजावीत. जी अद्याप कठीण व न फुगलेली असतात ती बहुधा सुप्त असतात. त्यांचे कवच घासून पुन्हा चाचणी घ्यावी. १००पैकी ४० उगवली, तर १०० रोपांसाठी २५० बीजे लागतील हे गणित शेतकऱ्यास आधीच सांगता येते. खरेदीचा दिनांक, संग्रहाचा हंगाम, स्थान आणि उगवणीचा आकडा यांची नोंदवही ठेवावी. पाच वर्षांनंतर अशी वही कोणत्याही ग्रंथाइतकी मोलाची ठरते.

अध्यापक बील

बील यांचे संशोधन आणि अध्यापन ही एकाच वृत्तीची दोन रूपे होती. त्या काळी वनस्पतिशास्त्र म्हणजे पुस्तकातील संज्ञा पाठ करून नंतर वनस्पतीचे नाव शोधणे, असा प्रघात होता. बील यांनी ‘द न्यू बॉटनी’ या पुस्तिकेतून हा क्रम उलटा करण्याचा आग्रह धरला. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक न देता वनस्पती द्यावयाची. त्याने ती पाहावी, लिहावे, चित्र काढावे आणि मग वर्गात सांगावे. जे विद्यार्थ्याला स्वतः पाहून कळू शकते ते शिक्षकाने सांगू नये. दोन विद्यार्थ्यांचे मत भिन्न झाले तर निर्णय न देता दोघांनाही पुन्हा वनस्पतीकडे पाठवावे. ही दृष्टी त्यांना अगासी यांच्या प्रयोगशाळेतून मिळाली होती. पाहत राहा, असे ते विद्यार्थ्यांना वारंवार सांगत. पुढे उद्यानविद्येचे थोर अभ्यासक ठरलेले लिबर्टी हाइड बेली त्यांचेच विद्यार्थी. शालेय विद्यार्थ्यांसाठी बीजप्रसारणावर त्यांनी १८९८ साली स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

ही पद्धत आपल्या परंपरेस विसंगत नाही. शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक औषधींना नामरूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच सांगितले आहे. त्यापुढे जाऊन योग जाणणारा तो वैद्य. परंतु ‘पुढे जाणे’ याचा अर्थ नामरूपज्ञान वगळणे असा नव्हे. आज द्रव्यगुणाचा विद्यार्थी रस, गुण, वीर्य, विपाक यांचा श्लोक अस्खलित म्हणतो; पण कोंब फुटलेले बावचीचे रोप समोर ठेवले तर त्याला ते ओळखता येईलच असे नाही. बाजारातील भेसळ याच उणिवेवर पोसली जाते.

यावर उपाय अवघड नाही. महाविद्यालयातील अध्यापकांनी व फार्मसीत प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांनी प्रत्येक सत्रात दहा औषधी बीजे नाव न सांगता विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. आकार, वर्ण, पृष्ठभाग, गंध आणि छेद यांचे वर्णन प्रथम लिहून घ्यावे. नंतर तीच बीजे त्यांना उगवावयास सांगावीत. नाव आणि निघंटूतील गुणधर्म यांचा क्रम त्यानंतरचा. स्वतः रुजवलेले बीज विद्यार्थी सहसा विसरत नाही.

समारोप

बील यांनी मांडलेला प्रश्न एका वाक्यात सांगता येतो; त्याचे संपूर्ण उत्तर मिळण्यास २२० वर्षांहून अधिक काळ लागणार आहे. मधल्या प्रत्येक पिढीतील अध्यापकाने एक-दोन बाटल्या काढावयाच्या, प्रामाणिकपणे मोजावयाचे आणि उरलेल्या बाटल्या जशाच्या तशा पुढच्याच्या स्वाधीन करावयाच्या, इतकेच त्याचे काम. ज्याचे फळ आपल्याला दिसणार नाही असे काम विद्यार्थ्यांवर विश्वास असल्याशिवाय कोणी आरंभीत नाही.

आपल्या शास्त्राची परंपराही अशीच हातोहात आलेली आहे. आपापल्या फार्मसीत निदान पाच औषधी बीजांची उगवणचाचणी या वर्षापासून सुरू करावी व तिची नोंद दरवर्षी ठेवावी, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे. पुढील बाटली २०४० साली निघेल. तोपर्यंत आपल्या मातीतील विडंग, गुंजा, बावची आणि निंब यांच्याविषयीची आपली स्वतःची नोंदवही तयार झालेली असावी.